सहा महिन्यांचं सांबार

लग्न होऊन मी घाटकोपरला आले तेव्हा घरात तीनच माणसं होती. हे, मामंजी आणि मी. सासूबाई माझ्या लग्नाच्या दोन वर्षं आधीच गेलेल्या. पहिल्या मजल्यावर दोन खोल्या, पुढे चार बिऱ्हाडांत मिळून एक लांब गॅलरी, आणि गॅलरीच्या टोकाला उभं राहिलं की लांबवर मिठागरं दिसायची. धान्य तेव्हा रेशनवर मिळे आणि कोळसा वखारीतून आणावा लागे. मी एकोणीस वर्षांची होते, राजापूरच्या बाजूची, आणि स्वयंपाक मला बऱ्यापैकी येतो असं माझं मत होतं. ते मत सहा महिन्यांत पार धुळीला मिळालं.

पहाटे पाचला उठून मी शेगडी गॅलरीत नेऊन पेटवायची. धूर झाला की मला खोकला यायचा, लहानपणापासून माझी छाती तशीच. निखारे फुलले की शेगडी आत आणून आमटी, भाजी, भात, पोळ्या असं सगळं साडेसातच्या आत उरकायचं, कारण आठला हे डबा घेऊन फोर्टातल्या ऑफिसला निघायचे. नऊपर्यंत शेगडीत राख. मग मामंजींची आंघोळ, पूजा, पेपर, आणि बाराच्या ठोक्याला त्यांचं पान. मी झाकून ठेवलेलं वाढायची. सगळ्या घरांत असंच चालायचं, मला त्यात वावगं काही वाटलं नाही.

मामंजी तार ऑफिसातून निवृत्त झालेले. बोलणं मोजकं, इतकं की जणू अजूनही शब्दागणिक पैसे पडतात. कधी रागावले नाहीत, कधी कौतुकही केलं नाही. एके दिवशी जेवताना त्यांनी आमटीची वाटी बोटानं थोडी पुढे सरकवली आणि विचारलं, "तुला सांबार येतं का?"

मी सांबार खाल्लेलंच नव्हतं. आमच्याकडे त्याचं नावही कुणी घेत नसे. लढाईच्या काळात मामंजींची बदली मद्रासला झाली होती, तिथे दीड वर्ष ते एका मेसमध्ये जेवत होते, आणि त्या मेसचं सांबार त्यांना आता, इतक्या वर्षांनी, अचानक आठवलं होतं. कसं असतं ते, असं मी विचारलं. त्यांनी बराच विचार केला आणि म्हणाले, "आमटीसारखंच असतं. पण आमटी नव्हे."

एवढ्यावर मी कामाला लागले.

ह्यांना सांगितलं तेव्हा ह्यांनी मोठ्या उत्साहानं ऑफिसातल्या एका मद्रासी कारकुनाला विचारून कागदावर लिहून आणलं. कागदावर होतं: तुरीची डाळ, चिंच, भाज्या, मसाला. मी विचारलं, कुठल्या भाज्या? कुठला मसाला? हे म्हणाले, ते विचारायचं राहिलं. दुसऱ्या दिवशी विचारून या म्हटलं, तर तो कारकून रजेवर गावाला गेलेला. मग मी माझ्या अकलेनं केलं. डाळीत वांगी आणि तांबडा भोपळा घातला, चिंच घातली, गोडा मसाला घातला, वरून खमंग फोडणी. मामंजींनी एक घास खाल्ला आणि म्हणाले, "ही आमटी आहे."

पुढच्या वेळी गोडा मसाला वगळला. तेव्हा ते म्हणाले, गोड आहे. खरंच गोड होतं, कारण चिंच पडली की माझा हात आपोआप गुळाच्या डब्याकडे जायचा. आईनं तसं वळण लावलेलं. त्यानंतरच्या वेळी मी गुळाचा डबाच वरच्या फळीवर ठेवून दिला आणि सांबार इतकं आंबट झालं की मला स्वतःलाच ते गिळवेना. मामंजींनी मात्र सगळं खाल्लं. टाकायचं नाही हा त्यांचा नियम. खाऊन झाल्यावर हात धुता धुता म्हणाले, "मेसमध्ये असं नसायचं." ते मलाही कळत होतं. मेसमध्ये कसं असायचं ते मात्र ते सांगू शकत नव्हते. रंग विचारला तर म्हणत, सांबाराचाच. दाट की पातळ विचारलं तर म्हणत, बेताचं.

तळमजल्यावर एक मद्रासी कुटुंब राहायचं. नवरा शाळेत मास्तर, शाळा दुपारची, त्यामुळे त्यांच्याकडे स्वयंपाक दहाला सुरू व्हायचा आणि मास्तर अकराला जेवून बाहेर पडायचा. बायकोला सगळी इमारत मामी म्हणायची. पन्नाशीची, कडक सोवळ्याची बाई. मराठी अजिबात नाही, हिंदी माझ्याइतकीच, म्हणजे नसल्यातच जमा. कंटाळून एक दिवस मी खाली गेले आणि दारात उभी राहून म्हटलं, "मामी, सांबार सिखाओ." तिनं मला नखशिखांत न्याहाळलं आणि उंबऱ्याबाहेरची जागा बोटानं दाखवली. तिथे बसायचं.

मी तिथे बसले. एकदोन दिवस नाही, जवळजवळ महिनाभर, सकाळचं काम आटोपलं की. अडचण अशी की तिची चूल आतल्या बाजूला, मध्ये अर्धी भिंत. मला तिची पाठ दिसायची आणि कधीमधी पळी धरलेला कोपर. सोवळ्यात असल्यामुळे ती बाहेर येऊन काही दाखवायची नाही आणि मला आत येऊ द्यायची नाही. ती आतून बोलायची, मी बाहेरून ऐकायची. काय घातलं असं विचारलं तर नाव तमिळमध्ये. मग डबा लांबून हलवून दाखवायची. डब्याच्या आवाजावरून मी ओळखायची की हे धणे, ही हरभऱ्याची डाळ, या सुक्या मिरच्या. मेथी ओळखायला मला चार दिवस लागले. किती घालायचं असं विचारलं की तिचं एकच उत्तर. "थोडा."

"थोडा म्हणजे कितना?"

"नाक से देखो," ती म्हणायची.

आता नाकानं काय बघणार? मला पहिल्या आठवड्यात रडू यायचं. पण नंतर नंतर खरंच कळायला लागलं. धणे, डाळ आणि मिरच्या तेलावर परतल्या जाताना एका क्षणी वास बदलतो, कच्चेपणा जातो आणि नाकात खमंग काहीतरी भरतं. नेमकं त्याच क्षणी आतून मामी ओरडायची, "अब!" मग ती ते ओल्या खोबऱ्याबरोबर वाटायची. चिंचेच्या पाण्यात शेवग्याच्या शेंगा आधी शिजू द्यायच्या आणि डाळ सगळ्यात शेवटी, हे मी तिच्या भांड्यांच्या आवाजाच्या क्रमावरून शिकले. असं शिकणारी मी जगात एकटीच असेन.

अखेर एक दिवस माझं सांबार वाटीत घालून मी तिच्या उंबऱ्याशी नेलं. ती आमच्या हातचं खाणार नव्हती, पण तिनं वाकून लांबूनच वास घेतला. डोळे मिटले, पुन्हा घेतला, आणि मान आडवी हलवली. मी वाटी उचलली. मग ती म्हणाली, "अच्छा है," तेव्हा कळलं की त्यांच्याकडे मान आडवी हलली म्हणजे होकार असतो.

मी धावत वर आले. वाढायला बारा वाजेपर्यंत थांबणं मला जड गेलं. मामंजी बसले, भात कालवला आणि पान संपेपर्यंत खाल्लं. मी उभीच. शेवटी म्हणाले, "जवळ आलंय."

हे "जवळ आलंय" पुढे तीन महिने चाललं. आठवड्यातून दोनदा मी सांबार करत होते. पहाटे पाचला खोबरं खवायचं, मसाला परतायचा, पाट्यावर वाटायचं, आणि हे सगळं ह्यांच्या डब्याच्या घाईत. कधी हिंग बदलून पाहिला, कधी मिरच्या. ह्यांना मधल्या मधे सांबार फार आवडायला लागलं होतं. ऑफिसात डब्यातलं वाटून खायचे. ज्यांच्यासाठी करत होते ते मात्र दर वेळी तेवढंच खात, तेवढंच बोलत. जवळ आलंय. एकदा मी विचारलं की नेमकं कशात कमी आहे, तर म्हणाले, "सांगता येत नाही." मी भांडी घासताना ती इतकी आपटली की शेजारीण विचारायला आली.

ह्यांच्याकडे तक्रार केली तर हे म्हणायचे, म्हातारं माणूस आहे, कर ना थोडं त्यांच्या मनासारखं. मी म्हटलं, त्यांचं मन कुठे आहे ते दाखवा, मी तसं करते. हे हसले. त्या हसण्याचाही मला राग आला. सहा महिने एका पदार्थामागे लागून मी त्या घरात कायमची नापास सून झाले होते, आणि त्यात कुणी मला वाईट बोललंही नव्हतं, की उलट भांडता यावं.

मग एका बुधवारी सकाळी अकराला मामंजींचे एक जुने सहकारी न कळवता आले. मुलुंडला मुलीकडे राहायला आले होते, आठवण झाली म्हणून भेटायला. दोघे मद्रासला बरोबर होते, त्याच मेसमध्ये. मामंजींना इतकं बोलताना मी कधी पाहिलं नव्हतं. जेवूनच जा असा आग्रह झाला. मी आत हिशेब करत होते, आमटी दोघांना पुरेल का, भात परत लावावा लागेल, आणि तेवढ्यात बाहेरून मामंजींचा आवाज आला. "आमची सूनबाई मद्रासी सांबार करते. अगदी तिथल्यासारखं."

मी दारामागे होते तशीच उभी राहिले. तिथल्यासारखं? सहा महिन्यांत एकदाही ज्याला सांबार म्हटलं नाही, ते आज पाहुण्यासमोर तिथल्यासारखं झालं? आणि सकाळी तर मी साधी आमटी केली होती. त्या दिवशी सांबाराचा वारच नव्हता.

पण पाहुण्यासमोर मामंजींचा शब्द पडून चालणार नव्हतं. शेगडी विझलेली. स्टो होता घरात, पण तो फक्त हे पेटवायचे. पंप मारताना तो भडकतो याची मला धास्ती होती. म्हणून शेगडी पुन्हा गॅलरीत नेली, पुठ्ठ्यानं वारा घातला, खोकले, शेजाऱ्यांची वाळत घातलेली लुगडी धुरात आली म्हणून बोलणी खाल्ली. घरात शेंगा नव्हत्या, दुधी होता. वाटायला वेळ नव्हता, चार दिवसांपूर्वीचा उरलेला कोरडा मसाला डब्यात होता तोच टाकला. खोबरं घातलंच नाही. रागारागात केलेलं इतकं बेफिकीर सांबार मी तोपर्यंत केलं नव्हतं. साडेबाराला ते शेगडीवरून उतरवून तसंच पानात वाढलं.

मामंजींनी घास घेतला. थांबले. दुसरा घेतला. मग माझ्याकडे वर बघून म्हणाले, "आज जमलं."

मी हातातली पळी खाली ठेवली, एवढं आठवतं.

पाहुणे मात्र घास खाऊन म्हणाले की छान झालंय, पण तिथल्यासारखं अजिबात नाही. तिथलं सांबार म्हणजे नुसतं लाल पाणी, त्यात एखादी शेंग बुडी मारून शोधावी लागायची. ते मामंजींना म्हणाले, "विसरलात? तुम्ही तर रोज नावं ठेवायचात. घरून मेतकूट मागवून घेतलं होतंत."

मामंजी म्हणाले, असेल. आणि आणखी वाढ म्हणून त्यांनी वाटी पुढे केली.

पाहुणे चारला गेले. त्यांचे कप विसळून ठेवले. मग मी मामंजींच्या खुर्चीसमोर जाऊन उभी राहिले. त्यांच्यासमोर अशी मी कधी उभी राहत नसे. म्हटलं, "मामंजी, सहा महिने माझं काय चुकत होतं, ते आज मला सांगा. आज मी सगळ्यात वाईट केलं होतं आणि आज तुम्ही जमलं म्हणालात."

त्यांनी चष्मा काढून धोतराच्या टोकानं पुसला. मला वाटलं, पुन्हा सांगता येत नाही म्हणतील. पण ते म्हणाले, "आज गरम होतं."

मला आधी कळलंच नाही. मग त्यांनी अडखळत अडखळत सांगितलं. मेसमध्ये काहीच धड नव्हतं. पण वाढपी बादलीतून वाढायचा तेव्हा चष्म्यावर वाफ यायची. इथे आमटी सातला होते आणि ते बाराला जेवतात. सासूबाई होत्या तेव्हा त्या ह्यांचा डबा वेगळा करायच्या आणि मामंजी सुट्टीवर घरी असले की दुपारी पुन्हा चूल पेटवायच्या. त्या गेल्यापासून मामंजी गरम असं फारसं जेवलेच नव्हते. गार आमटी घशाखाली उतरेना, म्हणून ज्याची चव लागेल असं काय असेल, याचा विचार करताना त्यांना सांबार आठवलं. आंबट, तिखट. ते गारसुद्धा चांगलं लागेल असं त्यांना वाटलं.

"पण तिथे मी ते गार कधी खाल्लंच नव्हतं," ते म्हणाले.

"मग आमटी गरम हवी, एवढंच सांगायचं होतंत."

"तू धुरात खोकतेस," मामंजी म्हणाले. "दोनदा शेगडी पेटव, हे कुठल्या तोंडानं सांगू? सांबार सांगितलं. त्यात जास्त काय करावं लागतं?"

त्यात जास्त काय करावं लागतं! मी तळमजल्याच्या उंबऱ्यावर महिनाभर बसले होते. आवाजावरून मेथी ओळखायला शिकले होते. पहाटे पाचला खोबरं खवत होते. आणि हे सगळं मला त्रास नको म्हणून. त्यांचा माझ्याविषयीचा विचार मला कळत होता, आणि तो कळत असल्यामुळे धड रागावताही येत नव्हतं, म्हणून आणखी राग येत होता. मी आत गेले आणि तांदळाच्या डब्याचं झाकण लावायचं नव्हतं तरी जोरात लावलं. मग डोळे पुसले. धूर नव्हता तरी.

संध्याकाळी ह्यांना सांगितलं तर हे बूट काढता काढता म्हणाले, "एवढंच ना?"

मी म्हटलं, "एवढंच. आता चहा नंतर. आधी मला स्टो शिकवा."

त्यांनी शिकवला. स्पिरिट किती ओतायचं, केव्हा पंप मारायचा, पिन कशी घालायची. पहिल्यांदा भडका उठला तेव्हा मी मागे भिंतीला जाऊन चिकटले, पण चौथ्या दिवसापर्यंत हात बसला. ज्याची भीती वाटत होती ती गोष्ट चार दिवसांची होती. सांबार सहा महिन्यांचं.

मामीला सांगणं भाग होतं, कारण काय कमी पडतंय ते विचारायला मी अधूनमधून तिच्याकडे जायची, ते बंद झाल्यावर तिनं दोनदा वर निरोप पाठवला होता. मी माझ्या मोडक्या हिंदीत तिला सगळं सांगितलं. सकाळी सातचं सांबार बाराला, हे तिला समजायलाच वेळ लागला. समजलं तेव्हा तिनं कपाळावर हात मारला. "ठंडा?" ती म्हणाली. "मेरा सांबार, ठंडा?" तिला वाटत होतं, मी मंद आहे म्हणून जमत नाही. आता तिला वाटलं, आम्ही सगळेच मंद आहोत. पहिल्यांदा ती स्वतः उंबऱ्यापर्यंत आली आणि मला बरंच काही तमिळमध्ये ऐकवलं. शेवटी हिंदीत विचारलं की बुड्ढा पहले क्यों नहीं बोला.  आमच्या घरात कुणीच काही बोलत नाही, हे हिंदीत कसं सांगायचं ते मला येत नव्हतं.

त्यानंतर रोज बाराला मी स्टो पेटवून आमटी उकळायची आणि तशीच वाढायची. साधी आमटी, आमसुलाची, गूळ घातलेली. मामंजी दोन वाट्या घ्यायचे. सांबाराचं नाव त्यांनी पुन्हा कधी काढलं नाही. तक्रार आली ती ह्यांची. रविवारी जेवायला बसल्यावर म्हणाले, हल्ली सांबार होत नाही ते? मी म्हटलं, मसाला डब्यात आहे, पाटा कोपऱ्यात आहे, आणि तळमजल्यावर मामी आहे. ह्यांनी भातावर आमटीच ओतून घेतली. महिन्याभरानं मीच पुन्हा करायला लागले, कारण खरं सांगायचं तर मलाही ते आवडायला लागलं होतं.

पावसाळा संपल्यावर मामंजी एका दुपारी जेवता जेवता थांबले आणि भाताकडे बघत म्हणाले, "आपल्याकडे तो कोकणातला पटणी तांदूळ कधी येत नाही, नाही का?"

मी वाढायचं थांबवलं, पाट ओढला आणि त्यांच्यासमोर बसले. म्हटलं, "मामंजी, तांदूळ राहू दे. नेमकं काय होतंय ते सांगा."

ते थोडे ओशाळले. इकडेतिकडे बघितलं. मग म्हणाले, "दात दुखतो. भात जरा मऊ हवा."